समुद्राला शिक्का

बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच आहे, आणि कुठल्याही दिशेनं निघालं तरी अडीचशे किलोमीटरच्या आत खारं पाणी पायाला लागत नाही. अशा गावात एखाद्यानं घरात समुद्र पाळायचं ठरवलं, तर त्याच्याबद्दल दोनच शक्यता संभवतात. एक, त्याला समुद्राची अनिवार ओढ आहे. दोन, तो आयटीत आहे. आमच्या जावयांच्या बाबतीत दुसरी गोष्ट पक्की आहे. पहिलीचा पुरावा मला अजून मिळालेला नाही. मालवणला गेलो होतो तेव्हा ते किनाऱ्याकडे पाठ करून बसले होते, कारण वाऱ्यानं वाळू उडून लॅपटॉपच्या कीबोर्डात जाते.

लेकीचा फ्लॅट बनशंकरी थर्ड स्टेजला, कत्रीगुप्प्याच्या बाजूला. तिथे 'वॉटर टँक' नावाचा बसस्टॉपच आहे, त्यामुळे रिक्षावाल्याला पत्ता सांगताना टाकीपासून सुरुवात होते आणि घरात शिरल्यावरही पहिली भेट टाकीचीच होते. जिथे एरवी शोकेस असायची तिथे दोनशे लिटरची काचेची पेटी. तिच्यात दोन नारिंगी-पांढरे क्लाउनफिश आहेत. दोघांनाही नातू निमो म्हणतो आणि दोघंही ओ देत नाहीत. एक निळा डॅमसेल आहे, बोटाच्या पेराएवढा, पण सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा साऱ्या हद्दीवर नजर ठेवून असतो. प्रवाळ मात्र नाहीत. दगडी प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, थेट वाघाच्या पंगतीला बसले आहेत. ते घरी ठेवणं म्हणजे कायद्याच्या लेखी बाल्कनीत वाघ बांधणं. जावई कायदा पाळणारे, म्हणून टाकीत नुसते दगड. पाहुणे येतात आणि म्हणतात, "काय सुरेख कोरल आहे हो!" जावई सांगतात, "रॉक आहे." पाहुणे म्हणतात, "तेच ते, कोरल."

आता माझ्याबद्दल. मी वैधमापनशास्त्र खात्यात निरीक्षक होतो. असं काही खातं असतं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. किराणा दुकानदारांना मात्र झोपेतही ठाऊक असतं. सांगली-मिरजेच्या बाजारपेठांत तराजू तपासणं, वजनांवर शिक्के मारणं आणि पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा नखानं खरवडून दुकानदाराच्याच तळहातावर ठेवणं, यात माझी हयात गेली. बिडाच्या वजनाला एक भोक असतं. त्यात शिसं भरलेलं असतं आणि सरकारी शिक्का त्या शिशावर उमटतो. वजन झिजून हलकं झालं की शिसं वाढवायचं आणि पुन्हा शिक्का मारायचा. ते शिसं हळूच कोरून काढणारे कलावंत मी पाहिलेत. एकानं तर कोरलेल्या जागी मेण भरून त्यावर शिक्क्याची हुबेहूब नक्कल काढली होती आणि वरून पेन्सिल घासून शिशाची चकाकी आणली होती. माणूस चित्रकलेत नाव काढता, पण गूळ विकत बसला.

निवृत्त झाल्यापासून वजनमापांशी माझा संबंध उरला होता तो सकाळी उघड्या अंगानं काट्यावर उभं राहण्यापुरता. अशात एका शनिवारी रात्री जेवता जेवता जावई म्हणाले, "बाबा, उद्या सॅलिनिटीचा प्रोब कॅलिब्रेट करायचाय. रीडिंगवर माझा विश्वास नाही."

एखाद्या मापावर विश्वास नसणं हा माझ्या उपजीविकेचा पाया. माझा घास हातातच राहिला. लेकीनं आईकडे पाहिलं, आईनं छताकडे.

पण आधी या टाकीत पाणी कुठून येतं ते सांगायला हवं, कारण तीही एक तीर्थयात्राच आहे. कावेरीचं पाणी तोरेकाडनहळ्ळीहून निघतं आणि सुमारे शंभर किलोमीटर अंतर कापून, पाचशे मीटर वर चढून बंगळुरात पोचतं. आमच्या सोसायटीत ते ठरलेल्या वारी येतं. उरलेल्या वारी बोअर, आणि बोअरनं मान टाकली की टँकर. एवढ्या खटाटोपानं घरात आलेलं पाणी जावई युटिलिटीतल्या आरओ यंत्रात घालतात आणि त्यातले होते नव्हते ते सगळे क्षार काढून टाकतात. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर नळीवाटे बाहेर. ते फुकट जाऊ नये म्हणून पिंपात साठवतात आणि पिंप भरलं की फरशी पुसतात. त्या घराची फरशी कधी कधी गरज नसताना, निव्वळ पिंप रिकामं व्हावं म्हणून पुसली जाते. आणि मग त्या निर्मळ पाण्यात परदेशातून आलेल्या बादलीतलं सात किलोच्या वर मीठ ओततात.

"मग नळाच्या पाण्यातच घातलं असतं तर? तेवढंच मीठ वाचलं असतं," आमची सौ. म्हणाली. सासूचा प्रश्न म्हणून जावयांनी तो मनावर घेतला आणि नायट्रेट, फॉस्फेट, क्लोरिन, तांबं अशा क्रमानं उत्तर दिलं. तांब्यानं कोळंबी मरते, इथवर आल्यावर सौ.नं देवघरातल्या तांब्याकडे वळून पाहिलं आणि विषय सोडला.

माझं दुःख वेगळं होतं. रक्तदाबामुळे माझ्या मिठावर बंदी आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा. आमच्या घरी ती मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेपेक्षा कडक रीतीनं पाळली जाते. डॅमसेल ज्यात पोहतो ते मीठ मला चार वर्षं पुरलं असतं.

आता रोगाचं मूळ. टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. बंगळूरच्या फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत, वर पंखा आणि आत पाणी घुसळणारे पंप, म्हणजे पातळी रोज खाली. पातळी खाली गेली की उरलेलं पाणी जास्त खारट होतं, मग त्यात बिनमिठाचं पाणी घालायचं. ते घालायलाही एक स्वयंचलित यंत्र आहे. त्या यंत्राचा सेन्सर शेवाळानं माखला की ते हात आखडतं घेतं किंवा हात मोकळा सोडतं. माशांना थोडं कमी-जास्त चालतं, पण एका रात्रीत झालेला बदल चालत नाही. सबब पाण्यात चोवीस तास एक प्रोब बुडवून ठेवलेला आहे आणि तो खारटपणाचा आकडा जावयांच्या फोनवर पाठवत असतो. जावई मीटिंगमध्ये असले तरी समुद्राची खबर त्यांना लागते. सासऱ्याचा फोन मात्र मिस्ड कॉलमध्ये जातो.

प्रोब हाताच्या बोटाएवढा, काळ्या प्लास्टिकचा. टोकाला खाच, खाचेत ग्रॅफाइटचे दोन तुकडे. त्यांच्यामधून पाण्यात वीज सोडायची, तीही उलटसुलट वाहणारी, कारण सरळ एका दिशेनं सोडली तर पाण्याचंच विघटन सुरू होतं. मीठ जितकं जास्त तितकी वीज सहज जाते. यंत्र वीज मोजतं आणि त्यावरून मिठाचा अंदाज सांगतं. हे ऐकून मला गहिवरून आलं. म्हणजे हा मीठ मोजतच नाही! मोजतो एक, सांगतो दुसरं. त्यातून तापमान एका अंशानं वाढलं की वीज वाहण्याचं प्रमाण साधारण दोन टक्क्यांनी वाढतं, म्हणून एक थर्मामीटरही जोडलेला. थर्मामीटर चुकला की खारटपणा चुकला. माझ्या नोकरीत असला काटा कोणी दाखवला असता तर मी खुर्ची ओढून घेऊन निवांत बसलो असतो.

त्या दिवशी प्रोबचा आकडा होता ३३.१. ताळा म्हणून जावयांनी रिफ्रॅक्टोमीटर काढला. छोट्या दुर्बिणीसारखी नळी. तिरक्या काचेवर टाकीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, क्षणभर थांबायचं आणि खिडकीकडे रोखून पाहायचं. वर निळं, खाली पांढरं, मध्ये रेघ. रेघ ३६.५ वर. शिवाय प्लास्टिकचा एक झुलत्या काट्याचा हायड्रोमीटर होता. त्याच्या काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला की काटा आनंदानं वर जातो, आणि बुडबुडा झटकला की दुसराच चिकटतो. त्याला मी साक्षीतून वगळलं.

राहिले दोन साक्षीदार, आणि दोघांमध्ये जवळजवळ साडेतीनाचा फरक. अरबी समुद्राचं पाणी जरा जास्त खारट, साधारण छत्तीसच्या घरातलं. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा-गोदावरी येऊन मिळतात, म्हणून तिकडचं वरचं पाणी तेहेतीसच्या आसपास आणि उत्तरेला त्याहून गोडं. म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरच्या मते आम्ही रत्नागिरीच्या समोर होतो आणि प्रोबच्या मते विशाखापट्टणमच्या. बंगळूर नकाशात मधोमध आहे, म्हणून सरासरी काढावी अशी सूचना लेकीनं केली. अभियंते मंडळींना हल्ली सरासरीची फार सवय झाली आहे. मी म्हटलं, दोन खोट्या वजनांची सरासरी काढून गिऱ्हाइकाला खरा माल मिळत नसतो.

कॅलिब्रेशन रविवारी दुपारी ठरलं. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ. इतरत्र या वेळात लोक नवं कपाटसुद्धा उघडत नाहीत, पण बनशंकरीची रीत उलटी. इथल्या देवळात राहुकाळातच रांग लागते. लिंबू अर्धं कापायचं, रस पिळून काढायचा, साल उलटी करून तिची पणती करायची आणि तूप-वात घालून देवीपुढे लावायची. सौ.चं माहेरचं कुलदैवत बदामीची बनशंकरी. तेव्हा लेक याच भागात राहायला गेली यात देवीचाच हात आहे असं तिचं मत आहे. लेकीचं म्हणणं, हात ब्रोकरचा होता आणि त्यानं एक महिन्याचं भाडं घेतलं.

चार वाजता सौ. ओट्याशी लिंबं पिळत होती आणि जावई कपाटं उघडून व्हिनेगर शोधत होते. प्रोबच्या खाचेत चुन्याचा पांढरा थर बसतो. तो सौम्य आम्लात विरघळवल्याशिवाय पुढची पायरी नाही. व्हिनेगर संपलं होतं. जावयांनी फोन काढला, दहा मिनिटांत घरपोच मागवायला. सौ.नं न बोलता रसाची वाटी पुढे सरकवली. "मला सालं हवीत, तुम्हाला रस. दहा मिनिटं कशाला थांबताय?" जावयांनी वाटीत प्रोब बुडवला. थरातून बारीक बुडबुडे उठले, नातवानं टाळ्या पिटल्या. राहूला काही मिळालं, विज्ञानाला काही मिळालं, आणि मला सरबत मिळालं नाही.

प्रोब आरओच्या पाण्यात खळबळून, झटकून कोरडा केला. आता कपाटातून प्रमाण द्रावणाची बाटली आली. लेबलवर लिहिलेलं: ५३ मिलिसिमेन्स, २५ अंश, ३५ पीपीटी; म्हणजे वीज एवढी वाहते, तापमान एवढं आणि मीठ हजारी पस्तीस. हिच्यात प्रोब बुडवायचा, खाचेत हवा अडकली नाही ना ते पाहत टिचकी मारायची, आकडा स्थिर होईस्तोवर थांबायचं आणि यंत्राला सांगायचं की हे पस्तीस, लक्षात ठेव. ते लक्षात ठेवतं. काय दाखवलं त्याची शहानिशा करत नाही.

मी बाटली हातात घेतली आणि झाकण फिरवायला गेलो. फिरवायला लागलंच नाही. नुसतं वर टेकवलेलं होतं. गळ्याभोवती पांढरी खर जमली होती. ती बोटाला लागली तेव्हा, खोटं कशाला बोलू, पेन्शनर माणसाच्या अंगावर काटा आला. चिंचेचा गोळा सापडला होता.

"ही कधी उघडली?"

"उन्हाळ्याच्या आधी."

"आणि तेव्हापासून झाकण असंच?"

जावई संगणकशास्त्राचे द्विपदवीधर आहेत. टाकीतलं पाणी उडतं म्हणून ज्यांनी यंत्र बसवलं, त्यांच्या कपाटातल्या बाटलीतलं पाणी मात्र विश्वासानं जागेवर बसून राहील, असा त्यांचा समज होता. पाणी उडालं, मीठ राहिलं. ३५चं द्रावण ३७चं झालं असणार. मधे एकदा आकडा जरा डळमळला म्हणून त्यांनी याच द्रावणावर प्रोबला 'हेच पस्तीस' असं पढवलं होतं. मग प्रोबनं खऱ्या पस्तिसाला तेहेतीस म्हणणं हा त्याचा दोष कसा? प्रोब प्रामाणिक होता. खोटं होतं ते प्रमाण वजन.

या धंद्यात हीच भीती असते. दुकानदाराचं वजन मी माझ्याकडच्या मानकाशी ताडायचो, माझं मानक खात्याच्या वरच्या मानकाशी ताडलं जायचं, ते आणखी वरच्याशी, आणि ही शिडी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या किलोपर्यंत जायची. प्लॅटिनम-इरिडियमचा तो दंडगोल क्रमांक ५७चा. त्याचा थोरला पॅरिसजवळ काचेच्या तीन घुमटांखाली. शंभर वर्षांनी सगळी भावंडं एकत्र तोलून पाहिली तर सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमचा फरक निघाला, आणि कोण जाड झालं नि कोण वाळलं हे सांगता येईना, कारण किलोची व्याख्याच मुळी तो पॅरिसचा दंडगोल. शेवटी २० मे २०१९ पासून किलो धातूत राहायचा थांबला आणि प्लँकच्या स्थिरांकात राहायला गेला. मी त्या दिवशी घरी शिरा करायला सांगितला होता. निमित्त कोणालाच पटलं नाही.

समुद्राचीही अशीच शिडी आहे, हे मला त्या बाटलीमुळे कळलं. चॅलेंजर नावाचं जहाज १८७२ ते १८७६ जगभर फिरलं. त्यानं आणलेले पाण्याचे सत्त्याहत्तर नमुने विल्यम डिटमार या रसायनज्ञानं तपासले आणि १८८४ साली निकाल छापला: मीठ कुठे जास्त, कुठे कमी, पण त्यातल्या घटकांचं एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळपास तेच. एवढ्या एका गोष्टीवर जावयांचा प्रोब उभा आहे. घटकांचं प्रमाण ठरलेलं, म्हणूनच एक गुण मोजून सगळं मीठ सांगता येतं. मग विसाव्या शतकाच्या तोंडावर कोपनहेगनमध्ये मार्टिन क्नुडसेननं काचेच्या नळ्यांत समुद्राचं पाणी भरून तोंडं वितळवून बंद केली. जगभरच्या जहाजांनी आपापली मापं त्या पाण्याशी जुळवायची. ते प्रमाण पाणी आजही उत्तर अटलांटिकमधून घेतात. काम तेवढं कोपनहेगनहून इंग्लंडला गेलं. काच वितळवून बंद केलेली नळी! झाकण टेकवून ठेवण्याचा प्रश्नच नाही. क्नुडसेन आमच्या खात्यात असता तर मी त्याच्या हाताखाली आनंदानं काम केलं असतं.

१९७८च्या मापपद्धतीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. किलोभर द्रावणात ३२.४३५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घालायचं आणि १५ अंशांवर त्यातून जेवढी वीज वाहते तेवढीच ज्या समुद्राच्या पाण्यातून वाहते, त्याचा खारटपणा ३५ धरायचा. चार दशांशांपर्यंत ग्रॅम ठरवले, इथवर मी टोपी काढतो. पण हे ३५ म्हणजे ३५ काय? काही नाही. नुसते ३५. या मापाला एककच नाही! एकक न छापता कोणी पाकीट विकलं असतं तर मी खटला भरला असता. शास्त्रज्ञांनी अख्खा समुद्र बिनएककाचा सोडला आणि कोणी विचारत नाही.

असो. नवी बाटली मागवली तर मंगळवारी येणार होती आणि जावयांना निकाल रविवारीच हवा होता. यावर घरगुती तोड आहे. ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी एकत्र केलं की प्रकाश त्यात जेवढा वाकतो तेवढाच ३५च्या समुद्रात वाकतो. यातच रिफ्रॅक्टोमीटरचंही बिंग फुटतं. बाजारातल्या बऱ्याच नळ्यांची पट्टी नुसत्या मिठाच्या पाण्यावर आखलेली असते, त्यामुळे त्या खऱ्या ३५ला ३६.५ दाखवतात, आणि नुसत्या पाण्यावर शून्य जुळवल्यानं हा दोष जात नाही. म्हणजे आधी हे द्रावण करून नळी ३५ला जुळवायची, मग टाकी पाहायची, मग प्रोबचा हिशेब करायचा.

मीठ मोजायला जावयांनी तळहाताएवढा डिजिटल काटा काढला. शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा. सौ.नं आपुलकीनं सैंधवाचा डबा पुढे केला. मासे उपासाचे नाहीत असं सांगून तो परत पाठवला. जावई चमच्यानं मीठ टाकणार, तोच मी हात धरला.

"हा काटा कोणी तपासला?"

"नवीनच आहे, बाबा."

"नवीन आहे हे बिलावरून कळतं. खरा आहे हे कशावरून?"

घरात प्रमाण वजन नव्हतं. पण मी काही उगाच नोकरी केली नाही. पाच रुपयांचं नाणं, २०११ साली सुरू झालेल्या रुपयाचिन्हाच्या मालिकेतलं, पिवळसर, सहा ग्रॅमचं असतं. त्याच मालिकेतलं दहाचं दोन धातूंचं असतं ७.७१ ग्रॅम. सहा पाचकी ठेवली की छत्तीस. आपल्याला हव्या त्या आकड्याच्या अगदी शेजारी. "सहा पाचकी आणा," मी म्हटलं.

लेकीनं पर्स उलटी केली. कार्डं, लिप बाम, जुनं मेट्रोचं टोकन. जावयांच्या पाकिटात तर नोटही नव्हती. त्या शहरात शहाळंवाला, इस्त्रीवाला, फुलवाली, सगळ्यांपुढे चौकोनी ठिपक्यांचं चित्र टांगलेलं. महिना लाखांत कमावणारी दोन माणसं, आणि घरात मिळून पाच रुपये सुटे नाहीत. नातवाच्या गुल्लकचं तोंड बंद होतं आणि ते फोडायला त्यानं व्याज मागितलं.

नाणी होती ती एकाच ठिकाणी: सौ.च्या देवळाच्या बटव्यात. आणि सौ. बटवा, लिंबाच्या पणत्या नि तूप घेऊन चपला घालून दारात उभी होती. साडेचार वाजून गेले होते. खालून रिक्षावाला हॉर्न देत होता.

"अगं, सहा नाणी दे. दोन मिनिटांत परत देतो."

"अहो, देवीच्या तबकात घालायचीत ती. माशांसाठी नाही काढलेली."

"दे तर खरं, तोलून लगेच देतो."

तिनं बटवा उपडा केला. मी पिवळी पाचकी वेचली आणि सवयीनं साल पाहिलं. सालाच्या खाली बारीकशी चौकोनी हिऱ्याची खूण असली की नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. नोएडाचा ठिपका, हैदराबादचा तारा, कोलकात्याची पाटी कोरी. मी मुंबईचीच सहा निवडली. यात शास्त्र नाही, इमान आहे: आमच्या खात्याची मानक वजनंही त्याच टांकसाळीत तयार होतात. म्हणजे माझी सगळी नोकरी आणि हे नाणं एकाच फाटकातून बाहेर पडलेलं. सहाही काट्यावर चढवली. काटा म्हणाला ३६.०९.

"जास्त दाखवतोय," जावई म्हणाले.

मी एक नाणं उचलून उजेडात धरलं. सिंहाच्या आयाळीत कुंकू. मागल्या खेपेला तबकातून सुटे परत घेतले होते त्याबरोबर आलेलं, तुपात कालवून घट्ट बसलेलं. नाणी साबणानं धुतली, जुन्या टूथब्रशनं घासली, पुसली. दारातून सौ. म्हणाली, "शुभ होतं ते." पुन्हा काट्यावर ठेवली: ३५.९८. चलनात झिजण्यापुरती तूट सोडली तर काटा खरा. मी मान हलवली. जावयांनी काट्याकडे ज्या आदरानं पाहिलं, तसं आजवर माझ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. सौ. नाणी घेऊन जिना उतरली आणि देवीला त्या दिवशी तपासून प्रमाणित केलेली दक्षिणा मिळाली.

पुढचं भराभर झालं. मीठ, पाणी, द्रावण. रिफ्रॅक्टोमीटरचा बारीक स्क्रू फिरवून रेघ ३५वर आणली. मग टाकीतले दोन थेंब. खिडकीशी आधी जावई, मग लेक, मग नातू, मग मी. रेघ ३५वर.

म्हणजे टाकी बरोबर होती. उन्हाळाभर बरोबरच होती. प्रोब कमी सांगत होता, नळी जास्त सांगत होती आणि मासे मधल्या खऱ्या पाण्यात सुखानं पोहत होते. प्रोबचा आकडा पाहून जावयांनी मीठ वाढवलं नाही, कारण नळीचा आकडा पाहून पाणी वाढवावंसं वाटत होतं. दोन खोट्या साक्षींमुळे आरोपी सुटला होता. लेक म्हणाली, "मग एवढा उपद्व्याप केला तो कशासाठी?" जावई आणि मी, दोघांनीही तिच्याकडे सारख्याच करुणेनं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासरा-जावई एका बाजूला असण्याचा योग तो पहिलाच.

या प्रकरणात दुसरंही एक माप हाती लागलं. घरातला स्वयंपाक सौ. जिभेनं तपासते आणि तिच्या जिभेवर गावाचा विश्वास. पण माझ्या रक्तदाबापायी घरात मीठ कमी झालं तशी तिची जीभही खाली सरकली आहे. तिला जे बेताचं लागतं ते पाहुण्यांना अळणी लागतं, आणि कामाला येणारी अक्का आमटी चाखून "उप्पु इल्ला, अम्मा" असं रोज सांगते. सौ.ला वाटतं अक्काची सवय वाईट. तपासायला पुन्हा तिचीच जीभ. क्नुडसेनची काचेची नळी या बाबतीत उपयोगाची नाही, आणि हा मुद्दा मी अजून जाहीररीत्या मांडलेला नाही.

काटा मात्र स्वयंपाकघरात गेला तो परत आला नाही. खरा आहे हे सिद्ध झाल्यावर सौ.नं त्याच्यावर हक्क सांगितला आणि घरपोच येणारी पाकिटं तोलायला सुरुवात केली. दहा मिनिटांत आलेली शंभर ग्रॅम कोथिंबीर तिनं पिशवीतून काढून, रबर सोडवून काट्यावर ठेवली. एक्क्याण्णव. तिनं फोटो काढला, लेकीच्या फोनवरून तक्रारीच्या खिडकीत पाठवला आणि समोरून यंत्रानं 'तुमची गैरसोय झाली याबद्दल खेद आहे' म्हटल्यावर मला हाक मारली.

"अहो, याला कुठलं कलम लागतं?"

मी म्हटलं, "अगं, पालेभाजी आहे ती. वाटेत पाणी उडून जातं."

"उडू दे की. पैसे शंभरचेच घेतलेत, ते नाही उडाले ते?"

जावयांनी चष्मा वर केला आणि विचारलं, काटा त्या आधी शून्यावर आणला होता का. सौ.नं शांतपणे बटवा काढला आणि ओट्यावर सहा पाचकी मांडली.